दृश्य, वाट आणि पाऊल : बूडीचा किनारा आणि मेरी बाइल्स

१

‘निसर्गरम्य’ हा शब्द मराठीत इतका वापरला गेला आहे की तो वाचताना आता डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. सहलीची जाहिरात, शाळेतला निबंध, घरबांधणी प्रकल्पाचे माहितीपत्रक, कुठेही तो सारख्याच सहजतेने बसतो. इंग्रजीतल्या ‘सीनिक’ची गत फारशी वेगळी नाही. मात्र आपल्या शब्दात झाकलेली एक गोष्ट त्या शब्दात उघड आहे. ‘सीन’ म्हणजे रंगमंचावरचे दृश्य. ‘सीनिक’ म्हटले की पाहणारा एका जागी बसला आहे आणि पाहायची वस्तू त्याच्यापुढे मांडून ठेवली आहे, हे गृहीत धरलेले असते.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तरेला, हॉक्सबरी नदी ज्या ब्रोकन बेमध्ये समुद्राला मिळते तिच्या उत्तर तीरावर, बूडी नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे १५०० हेक्टर, म्हणजे त्या देशाच्या मानाने अगदी लहान. त्याच्या माथ्यावरून जाणाऱ्या डांबरी रस्त्याचे अधिकृत नावच मुळी ‘द सीनिक रोड’ असे आहे. या रस्त्याला लागून एक प्रेक्षणस्थळ आहे. गाडी उभी करावी, समुद्र पाहावा, निरभ्र दिवस असला तर दक्षिणेला सिडनी शोधावे आणि पुढे निघावे. या जागेला मेरी बाइल्स (१९००–१९७९) हिचे नाव दिले आहे. हे उद्यान व्हावे म्हणून जिने सर्वांत चिकाटीने प्रयत्न केले, ती ही बाई. आयुष्यभर पायी हिंडलेल्या आणि पायांनी साथ सोडल्यावर बुद्धाच्या पावलांचा माग काढणाऱ्या बाईचे स्मारक गाडीतून उतरून दोन मिनिटे पाहण्याची जागा असावे, हा योगायोग मला विचार करायला लावणारा वाटतो. या उद्यानातली किनारवाट, तिच्यामागचा इतिहास आणि बाइल्सची पुस्तके ही तिन्ही मी एकत्र वाचते, ती एका प्रश्नासाठी : आपण एखादी जागा ‘रम्य’ म्हणून वाचवतो तेव्हा नेमके काय वाचवतो, आणि काय नजरेआड करतो?

२

आधी वाट. पटी बीचपासून मॅकमास्टर्स बीचपर्यंत जाणारी ही किनारवाट सुमारे आठ किलोमीटरची आहे. मी ती दोन्ही दिशांनी चालले आहे. माहितीपत्रकात ती दृश्यांची एक माळ म्हणून येते : गेरिन पॉइंट, बुलिमा बीच, मेटलंड बे, लिटल बीच. प्रत्यक्ष चालताना मात्र या मण्यांपेक्षा मधला दोराच जास्त लक्षात राहतो.

पटी बीचची वाळू संपली की पायऱ्या आणि लाकडी फळ्यांची वाट सुरू होते. खाली वालुकाश्माचा सपाट कातळ आहे. त्यावर उभ्या-आडव्या भेगांनी इतके रेखीव चौकोन पाडले आहेत की कुणीतरी फरशी बसवली आहे असे वाटावे. खडक भेगांवर चिरत गेला, भेगांतून झिरपलेल्या लोहाने कडा घट्ट झाल्या आणि मधला मऊ दगड लाटांनी झिजवला, अशी ती घडण आहे. प्रेक्षणस्थळाच्या कठड्यावरून हे चौकोन एक गमतीदार नक्षी दिसतात. कातळावर उतरून चालले की नक्षी विरते आणि तळपायाला कडा जाणवू लागतात. कुठे पाणी साठले आहे, कुठे शेवाळ निसरडे आहे, भरती कोणत्या बाजूने चढते आहे, याकडेच लक्ष जाते. दृश्याची जागा हिशेबाने घेतली जाते.

पुढे वाट कधी उघड्या माळावरून जाते, कधी घळीत उतरते. माळावर वाऱ्याने खुरटलेली बँक्सियाची झुडपे असतात, घळीत शिरले की सावली, ओल आणि उंच झाडे. अँगोफोराची गुलाबी-नारिंगी खोडे इतकी वेडीवाकडी वाढलेली असतात की झाड वाढताना खडकाशी वाटाघाट करत होते असे वाटते. इथे समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. आठ किलोमीटरच्या ‘सीनिक’ वाटेचा बराच भाग असा दृश्याविना जातो. माहितीपत्रकात त्याला जागा नसते, कारण त्याचा फोटो निघत नाही. पण चालणाऱ्याला ही जागा कळते ती याच भागात. चढ किती आहे, ओढ्याला पाणी आहे का, वारा कुठे अडतो, हे इथेच समजते.

मेटलंड बे हा या वाटेचा मध्य, आणि अर्थाच्या दृष्टीनेही तिचा गाभा. वरून पाहिले तर अर्धचंद्राकार पुळण, निळे पाणी, दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले डोंगर. दिनदर्शिकेवर छापावे असे चित्र. हे नाव एका बोटीचे आहे. मे १८९८ मध्ये सिडनीहून न्यूकॅसलकडे निघालेली ‘मेटलंड’ ही चाकाची आगबोट वादळात सापडून इथल्या खडकांवर फुटली आणि वीसहून अधिक माणसे बुडाली. त्या वादळालाही पुढे ‘मेटलंड’चेच नाव मिळाले. पुळणीच्या पूर्व टोकाला, ओहोटी असेल तर, बोटीचे गंजलेले अवशेष आजही दिसतात. त्याआधी या जागेला नुसते ‘बोट हार्बर’ म्हणत. मेटलंड बे हे नाव रूढ व्हावे यासाठी प्रयत्न केले ते मेरी बाइल्सने.

हे तिच्या एकूण वृत्तीला धरून आहे असे मला वाटते. तिला या जागेचे नुसते कौतुक करायचे असते तर पाण्याच्या रंगावरून किंवा वाळूवरून बेतलेले एखादे गोड नाव तिला सुचले असते. तिने निवडले ते अपघाताचे नाव. त्यामुळे खाडीकडे पाहणाऱ्याला नावातूनच कळते की हा समुद्र पाहणाऱ्याच्या सुखासाठी तिथे नाही.

३

बूडीची गोष्ट नीट समजायची तर तिच्या आधीचे एक उदाहरण पाहावे लागते. सिडनीच्या दक्षिणेला १८७९ मध्ये ‘नॅशनल पार्क’ घोषित झाले. पुढे, राणी एलिझाबेथच्या दौऱ्यानंतर, १९५५ मध्ये त्याला ‘रॉयल’ हे विशेषण जोडले गेले. जगातल्या सर्वांत जुन्या राष्ट्रीय उद्यानांपैकी ते एक. पण तेव्हाची कल्पना आजच्या अर्थाने निसर्गरक्षणाची नव्हती. शहरातल्या माणसांना मोकळी हवा मिळावी हा मुख्य हेतू होता, आणि त्या जमिनीवर शर्यतींची मैदाने, क्रिकेटची मैदाने, लष्करी कवायती यांनाही मुभा होती. पुढे परदेशी हरणे आणून सोडली गेली, आणि १९२० च्या दशकात कोळशाच्या खाणींना टेकू म्हणून लागणाऱ्या लाकडासाठी झाडेही तोडली गेली. जमीन ‘राष्ट्रीय’ होती आणि उपयोग करमणुकीचा होता. या दोन्हींत कुणाला विसंगती दिसत नव्हती.

ती विसंगती दाखवली पायी हिंडणाऱ्यांनी. ‘बुशवॉकिंग’ हा शब्द आज ऑस्ट्रेलियात सर्रास वापरतात. तो रूढ होण्यात १९२७ मध्ये स्थापन झालेल्या ‘सिडनी बुश वॉकर्स’ या मंडळाचा मोठा वाटा आहे. आधी माइल्स डन्फी आणि त्यांच्या मित्रांनी १९१४ मध्ये ‘माउंटन ट्रेल्स क्लब’ काढला होता. तो मोजक्या पुरुषांचा होता. नव्या मंडळात स्त्रियांना पहिल्यापासून प्रवेश होता. कारकून, शिक्षक, टंकलेखिका असे नोकरदार लोक शनिवारी आगगाडीने निघत आणि रविवारी रात्री परतत. ज्यांच्याकडे जमीन नव्हती अशा माणसांना चालण्यातून जमिनीविषयी बोलण्याचा अधिकार मिळाला. हा अधिकार मालकीचा नव्हता, परिचयाचा होता. कोणत्या दरीत कोण झाडे तोडतो आहे हे सरकारी खात्याच्या आधी त्यांना कळे.

मेरी बाइल्स १९२९ मध्ये या मंडळात आली. ती इंग्लंडमध्ये जन्मलेली. १९११ मध्ये आईवडिलांबरोबर सिडनीत आली. वडील रेल्वेत सिग्नलचे अभियंता, घर समाजवादी आणि युद्धविरोधी विचारांचे. १९२४ मध्ये ती न्यू साउथ वेल्समधली पहिली स्त्री सॉलिसिटर झाली. तिचे रोजचे काम बरेचसे जमिनीच्या खरेदी-विक्रीचे दस्त करण्याचे होते. हा तपशील चरित्रकार सहसा घाईने ओलांडतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. जमिनीची कागदावरची व्याख्या कशी होते, हद्द कशी लिहिली जाते, एका शब्दाने कोणता हक्क जातो आणि कोणता राहतो, हे तिला व्यवसायामुळे ठाऊक होते.

तिच्या कुटुंबाचे सुटीतले घर पाम बीचला होते, म्हणजे ब्रोकन बेच्या दक्षिणेला. तिथून पाण्यापलीकडे बूडीचा किनारा दिसे. म्हणजे तिच्याही बाबतीत सुरुवात ‘दृश्या’नेच झाली. मात्र ती तिथे थांबली नाही. तरुणपणी मैत्रिणींना घेऊन ती खाडी ओलांडून त्या किनाऱ्यावर गेली, चालली, मुक्काम केला. पुढे चालणाऱ्यांच्या मंडळांचा जो संघ झाला त्याच्या मार्फत तिने जमीन खात्याकडे लकडा लावला. १९३५ मध्ये बूडीचा काही भाग राखीव झाला. त्याचे नाव ठेवले गेले ‘बूडी नॅचरल पार्क’. ‘नॅशनल’ नव्हे, ‘नॅचरल’. दक्षिणेकडच्या उद्यानाचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवून पाहिले तर या एका शब्दात आख्खा वाद सामावला आहे : जमीन कुणाची, यापेक्षा ती कशी ठेवायची हा प्रश्न आधी. दस्त लिहिणाऱ्या माणसाला शब्दाचे असे वजन कळते.

राखीव झाल्यावर पैसा आला असे नाही. वाटा आखणे, साफ करणे, दुरुस्त करणे ही कामे चालणाऱ्या मंडळींनी सुटीच्या दिवशी श्रमदानाने केली. आज ज्या वाटेवरून पर्यटक जातात तिच्या तळाशी ही अनामिक मजुरी आहे. १९६०-७० च्या दशकांत उद्यानाला शासकीय दर्जा आणि विस्तार मिळत गेला. १९७१ मध्ये मेटलंड बेलगतचा समुद्राचा पट्टाही संरक्षणाखाली आला, आणि त्या राज्यातल्या अशा पहिल्या क्षेत्रांत त्याची गणना होते. वरून दिसणाऱ्या निळ्या पाण्याखालीही काही राहते, हे त्या निर्णयाने मान्य केले.

४

आता बाइल्सची पुस्तके. त्यांच्या शीर्षकांचा क्रमच बोलका आहे. पहिले, १९३१ चे, मालवाहू बोटीने आणि डोंगरांवरून केलेल्या जगप्रवासाचे. त्यात ब्रिटन, नॉर्वे, कॅनडा, न्यूझीलंड इथली शिखरे आहेत. १९५७ चे पुस्तक गौतम बुद्धाच्या पाऊलखुणांवर. १९६२ चे ब्रह्मदेशातल्या मौनाच्या प्रवासावर. १९६३ चे पुस्तक कमळ आणि चरखा यांवर, म्हणजे बुद्ध आणि गांधी यांच्यावर. शिखर, पाऊल, मौन, चरखा : उंचीकडून जमिनीकडे आणि जमिनीकडून हाताच्या कामाकडे असा हा उतार आहे.

उताराची कारणे अंशतः शारीरिक होती. १९३८ मध्ये तिने चीनच्या युनान प्रांतात सान्सेतो शिखरावर मोहीम नेली. हवामानाने ती फसली. पुढे १९४० च्या दशकात तिच्या पायांच्या कमानी खचल्या आणि लांबचे चालणे बंद झाले. शिखराचे अपयश आणि पायांचे दुखणे यांमुळे ती बौद्ध विचाराकडे वळली, असे सरळ समीकरण मांडले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. शिखर गाठणे हीसुद्धा एका अर्थी ‘सीनिक’ वृत्तीच आहे : माथ्यावर पोचायचे, सगळे खाली पसरलेले पाहायचे. बूडीच्या कामात ती या वृत्तीपासून आधीच दूर सरकली होती. तिथे कोणतेही शिखर नव्हते. एकाच छोट्या जागेवर वर्षानुवर्षे परत जायचे होते, अर्ज लिहायचे होते, झुडपे छाटायची होती. पुढच्या आयुष्यातल्या साधनेचा सराव तिने या किनाऱ्यावर केला, असे माझे वाचन आहे.

बुद्धावरचे तिचे पुस्तक मराठी वाचकाला एका कारणाने जवळचे वाटेल. पुस्तकाचे उपशीर्षकच शिष्यांना जसा ठाऊक होता तसा बुद्ध दाखवण्याचे सांगते. भर आहे तो बोधिप्राप्तीनंतरच्या हिंडण्यावर. आपल्याकडे हे काम धर्मानंद कोसंबींनी तिच्या आधी केले होते. गोव्यातून घर सोडून निघालेले, नेपाळ, काशी, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश पालथे घालणारे कोसंबी ‘भगवान बुद्ध’मध्ये चमत्कारांची पुटे काढून पाली ग्रंथांतला माणूस शोधतात. या दोघांची भेट झाल्याचा पुरावा नाही, आणि मी प्रभावाचा दावाही करत नाही. साम्य पद्धतीचे आहे. दोघांनाही मूर्तीतला बसलेला बुद्ध पुरेसा वाटत नाही. त्यांना चालणारा बुद्ध हवा आहे, ज्याला ऊन लागते, पावसाळ्यात थांबावे लागते, गावाच्या वेशीवर भिक्षा मागावी लागते. फरक असा की कोसंबींची भटकंती ज्ञानाच्या भुकेने आणि बहुतेक वेळा रिकाम्या खिशाने झाली. बाइल्सकडे वकिली होती, घर होते, परतीचे तिकीट होते. तिच्या अनासक्तीच्या मागे ही सुरक्षितता आहे हे तिची पुस्तके वाचताना विसरू नये.

तिच्या सिडनीतल्या घराचे नाव होते ‘अहिंसा’. व्हरांड्यात, उघड्यावर झोपायची तिची सवय होती. १९६६ मध्ये रात्री त्याच व्हरांड्यात तिच्यावर हल्ला झाला आणि ती गंभीर जखमी झाली. त्यातून ती सावरली, आणि १९७० मध्ये घर आणि भोवतालची झाडी तिने नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. ‘अहिंसा’ हा शब्द परदेशी साधकांच्या घरांच्या पाट्यांवर पुष्कळदा शोभेसाठी येतो. इथे मात्र शब्दाची किंमत मोजली गेली, आणि तरीही पाटी उतरवली गेली नाही.

५

इथपर्यंतचे वाचन कौतुकाचे झाले. पण टीकालेखाने जे पानावर नाही तेही वाचायचे असते. १९३५ च्या राखीव क्षेत्राची जी कथने मी वाचली, त्यांत हा किनारा पाहणारी, चालणारी, वाचवणारी सगळी माणसे युरोपीय वंशाची आहेत. किनारा त्यांच्या आधी जणू रिकामा होता. वस्तुस्थिती अशी की या वालुकाश्मावर मूलनिवासींनी कोरलेली चित्रे आहेत. उद्यानातच डेलीज पॉइंटला कोरीव आकृती आहेत आणि दगडी हत्यारांना धार लावताना पडलेल्या खाचाही आहेत. खाच हा वापराचा पुरावा आहे. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा येणाऱ्या हातांनी दगड झिजवला तेव्हा ती पडली. परिचयातून मिळणारा अधिकार हा जर चालणाऱ्यांचा मुख्य दावा असेल, तर त्या मोजपट्टीवर पहिला हक्क कुणाचा, हे सांगायला नको.

‘बूडी’ हे नावही मूलनिवासींचेच. आपल्या कानाला त्यात ‘बुद्ध’ किंवा ‘बोधी’ ऐकू येते, आणि बाइल्सचे पुढचे आयुष्य माहीत असल्यावर तसे ऐकण्याचा मोह होतो. पण तो आवाजाचा योगायोग आहे. लक्षात घ्यायचे ते हे की उद्यानाने शब्द ठेवला आणि शब्दाच्या धन्यांना विचारले नाही. या किनाऱ्याच्या मूळ लोकांना कोणत्या नावाने ओळखावे, यावर आज अभ्यासकांमध्ये आणि त्यांच्या वंशजांमध्येही वाद आहे, इतकी त्यांच्या समाजाची मोडतोड वसाहतीच्या पहिल्या दशकांत झाली. ‘निर्जन रान’ ही चालणाऱ्यांची आवडती कल्पना याच मोडतोडीनंतर शक्य झाली. बाइल्सला नावांचे मोल कळत होते. फुटलेल्या बोटीची आठवण तिने नकाशावर आणली. त्याच नकाशावरून पुसल्या गेलेल्या माणसांसाठी तसा आग्रह तिच्या कामात मला सापडत नाही. तिच्या काळात हे बहुतेकांना दिसत नव्हते, हे खरे. पण तिची प्रतिष्ठा बहुतेकांना न दिसणारे पाहण्यावर उभी आहे, म्हणून ही उणीव तिच्या बाबतीत जास्त जाणवते.

६

आजच्या वाटेबद्दल थोडे. ऑस्ट्रेलियात वाटांना अवघडपणानुसार एक ते पाच अशी श्रेणी देतात. अंतर, वेळ आणि श्रेणी पाटीवर लिहिलेली असते. नव्या माणसाला, वयस्कांना, मुलांना घेऊन येणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, आणि रानात जाण्याचा हक्क फक्त धट्ट्याकट्ट्यांचा नाही. लाकडी फळ्यांच्या वाटेवर नाक मुरडणारे जुने भटके मी पाहिले आहेत. मला त्यांचे पटत नाही. शेकडो पावलांखाली माळावरची झुडपे मरतात, फळ्यांनी ती वाचतात. पण फळ्यांची वाट आणखी एक काम करते. कुठे थांबायचे आणि कुठे पाहायचे हे ती आधीच ठरवते. कठडा असतो तिथे फोटो काढला जातो, आणि तोच फोटो पुढच्या माणसाला त्याच कठड्यापाशी आणतो. दक्षिणेकडच्या रॉयल उद्यानात पांढऱ्या, केकच्या तुकड्यासारख्या एका खडकाच्या फोटोंमुळे इतकी गर्दी लोटली, की खडक कधीही ढासळेल या धास्तीने २०१५ मध्ये भोवती कुंपण घालावे लागले. माणसे कुंपण ओलांडून त्यावर उभी राहतच राहिली. दृश्याची भूक एकदा लागली की धोक्याची पाटीही तिला दृश्याचाच भाग वाटते.

यात पणाला लागलेली गोष्ट साधी आहे. जी जागा सुंदर दिसते म्हणून वाचवली, ती सुंदर दिसण्यासाठीच वापरली जाईल. उद्यानाच्या हद्दीबाहेर समुद्राचा देखावा विकणारी घरे उभी राहतात तीही याच तर्काने. आणि जी जागा सुंदर दिसत नाही, दलदल, खुरटे रान, जळून गेलेला उतार, तिच्यासाठी हा तर्क एक शब्दही बोलत नाही. बाइल्सच्या कामातला टिकाऊ भाग म्हणूनच मला तिच्या निसर्गप्रेमात दिसत नाही. तो तिच्या पद्धतीत दिसतो. दुरून दिसले तिथे पायी जाणे, पुन्हा पुन्हा जाणे, जागेवर काय घडले ते नावात लिहून ठेवणे, आणि हद्दीची भाषा कायद्याच्या कागदावर नेमकी उतरवणे. ही पद्धत तिने अर्ध्यावर सोडली, कारण दगडातल्या खाचांपर्यंत ती गेली नाही. ती पुढे नेण्याचे काम आता तिथल्या मूलनिवासी समाजाचे आणि त्यांचे ऐकण्याची तयारी असलेल्या चालणाऱ्यांचे आहे.

मराठी वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे आज सिडनीत आहेत, आणि त्यांच्या भेटीला गेलेल्यांना सुटीच्या दिवशी हमखास अशा एखाद्या किनाऱ्यावर नेले जाते. त्यांना माझी एवढीच सूचना आहे. सीनिक रोडवर गाडी थांबेल तेव्हा समुद्र जरूर पाहावा. मग भरती-ओहोटीची वेळ विचारून खाली उतरावे आणि पुळणीच्या पूर्व टोकाला ते गंजलेले लोखंड शोधावे. परत चढताना दम लागेल, समुद्र झाडीआड जाईल आणि फोटो काढण्यासारखे काही नसेल. त्या तेवढ्या अंतरात डोळ्यांना विश्रांती देऊन पायांखालचा दगड पाहावा.